दशांशानंतर चार आकडे

बीड, १२ जून २०२४

आत्या,

नमस्कार. कळलावीचे कंद पोचले. तुझा अभिमन्यू सकाळच्या एसटीने आला आणि दुपारच्या एसटीने परत गेला. तुमच्या वस्तीवर फोन लागत नाही आणि आमच्या औषधी वनस्पती केंद्राला प्रत्येक गोष्ट कागदावर लागते, म्हणून पत्र लिहिते आहे.

एकूण चौदा कंद. सर्वांत लहान अठरा ग्रॅम, सर्वांत मोठा चौऱ्याण्णव. एकाचं टोक प्रवासात मोडलं. या कंदाला कोंब फक्त टोकाला असतो, त्यामुळे तो उगवणार नाही असं मी धरलं आहे. उरलेले तेरा वाफा क्रमांक सातमध्ये लावले.

तू विचारलं होतंस की डोंगरात आहे ते उपटून बागेत कशाला. लाल-पिवळी कळलावी कुंपणाकुंपणाला असते. फूल वाळेपर्यंत पूर्ण पिवळं राहणारी मला तुमच्या डोंगराच्या त्या एका कपारीतच दिसली. आष्टी आणि पाटोदा या दोन्ही तालुक्यांत मी दोन पावसाळे फिरले आहे. वणवा लागला, दरड आली, तर ती जात संपेल. बागेत असली तर संपणार नाही. इथल्या एकशे सहा औषधी आणि सुगंधी जाती याच कारणासाठी आहेत.

सोबत एक फॉर्म आहे. तो भरून पाठव.

मार्चमध्ये मी अभिमन्यूच्या स्थळाला नाही म्हणाले. तरी मे महिन्यात तू कंद काढू दिलेस. त्याची मला जाणीव आहे.

मंजुषा


वस्ती, ता. आष्टी, २९ जून

मंजा,

खुशाल असशील. तुझं पत्र मिळालं. फारम मी भरला न्हाई. त्यात 'गोळा केल्याचं ठिकाण' असा रकाना हाय. ठिकाण तोंडानं सांगायचं नसतं, लिवायचं तर लांबच. माझ्या सासूनं मला शेण टाकाया जाता जाता तिकडं वळवलं, आन् पायानं दाखवलं. एक शबूद बोलली न्हाई. आमच्यात घरात थोरली सून येती तिला दाखवायचं, बाकी कुणाला न्हाई. कुणाची बाळंतीण अडली की मी जाऊन गड्डा आणती. नांगरासारख्या दोन बाजू असत्यात, एक घ्यायची, एक तिथंच पुरायची. माझ्या सासूच्या काळापासून ती कपार हाय तेवढीच हाय.

मी तुला मागल्या सप्टेंबरात तिथं कावून न्हेलं ते तुला समजलं असंल. समजून तू बोलली न्हाईस. असू दे. दाखवलेलं काई माघारी घेता येत न्हाई.

पण मे महिन्यात तू म्हणालीस, टेपचं दुसरं टोक धराया माणूस पाहिजे, म्हणून अभिमन्याला न्यावं लागलं. गडी माणूस तिथं गेला ही पहिली खेप. मला ते बरं वाटलं न्हाई.

तो तुझ्या बागेचं लई कवतिक करतो. म्हणतो, दर झाडाला पाटी हाय, आधार कार्डासारखी नंबर घातलेली. माझे धाकटे दीर शहादेवभाऊजी शेरडं घेऊन निघालते, ते म्हणले, "झाडांला आधार मिळालं व्हय? मग माझ्या शेरडांचं बी बघ म्हणावं, रेशन तरी सुटंल."

दसरा झाला की अभिमन्या ऊसतोडीला जाईल. यंदा तेचा स्वताचा कोयता हाय.

आत्या


बीड, २ सप्टेंबर

आत्या,

तेरापैकी अकरा कंद उगवले. पहिलं फूल २१ ऑगस्टला आलं. सहाही पाकळ्या पिवळ्या. दहा दिवसांनंतरही लाल छटा नाही.

परवा बागेचं उद्घाटन झालं. नोंदवहीत चारशे बारा नावं आहेत. अभिमन्यूही आला होता. परळीचे एक जडीबुटीचे व्यापारी दोन तास थांबले आणि त्यांनी प्रत्येक पाटीचा फोटो घेतला. बाकीचे पाहुणे सरबताच्या टेबलाकडे गेले होते. कोणीतरी पाट्या नीट वाचल्या याचं मला समाधान वाटलं.

तुझ्या फॉर्मची अडचण सुटली आहे. रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून तो मी माझ्या वहीवरून भरला. काळजी करू नकोस. त्यात गावाचं नाव नाही, डोंगराचं नाही, तुझंही नाही. फक्त आकडे आहेत.

मंजुषा


वस्ती, ११ ऑक्टोबर

मंजा,

शहादेवभाऊजी काल गेले. नगरला, दवाखान्यात.

सोमवारी भर दुपारी दोन जीपा आल्या. नंबर नव्हता. दहा-बारा जण उतरले, सगळ्यांकडं पहारी आन् पोती. त्यांनी वस्तीवर कुणाला वाट इचारली न्हाई. माझी जाऊ भिवराबाई खुरपत होती, तिनं बघितलं. म्होरला माणूस हातातल्या फोनाकडं बघत चालत होता आन् बाकीचे तेच्या मागं. ओढा उतरले, चढले, आन् सरळ त्या कपारीत थांबले. आमच्या घरात ऱ्हाणाऱ्या माणसाला घावत न्हाई ती जागा. हितं रेंज न्हाई, मग फोनात काय बघत होता कुणास ठाऊक.

भाऊजी शेरडं सोडून तिकडं गेले. तेंला त्या जागेचं काईच ठाऊक न्हाई, पण डोंगर आमचा हाय. म्हणले, "कुणाला इचारून खांदायलात?" पहिली पहार गुडघ्यावर बसली. ते खाली बसले. बसलेल्या माणसाला परत हाणलं, कानाच्या वर. भिवराबाई पळत गेली तर तिला केसाला धरून दगडावर आपटलं, तिचं म्होरचं दात गेलं. कुत्रं भुकत होतं, तेच्या पाठीत पहार घातली. भाऊजी पडल्या पडल्या हातानं माती उकरत होते, असं ती सांगती. मग ते लोक परत कामाला लागले. दोन घंटे खांदलं. तेवढा येळ नवरा तिच्या मांडीवर, आन् हे बाजूला पोती भरत होते.

मी पोचले तवा कपार उलटी करून ठेवल्यावानी होती. एक बाजू तर सोड, एक मूळ ठेवलं न्हाई.

पोलीस आले. अनोळखी इसम म्हणून लिवून घेतलं.

मंजा, ती जागा तिघांला ठाऊक. मी सांगितली न्हाई. तू शिकलेली, सरकारी नोकरीची, तुला तेचा काय उपेग. मग ऱ्हायलं कोण? तेच्याकडं नवा कोयता कुठनं आला, नवा फोन कुठनं आला, हे सिदू मला इचारायला. सिदू म्हंजे भाऊजींचा थोरला. तेच्या डोळ्यात बघवत न्हाई.

आत्या


बीड, १५ ऑक्टोबर

(हे पत्र टाकलं नाही.)

आत्या,

जागा मी सांगितली.

फॉर्ममधले आकडे मी वाफा सातच्या पाटीवरही रंगवून घेतले. अक्षांश आणि रेखांश, दशांशानंतर चार आकडे. दोन आकडे असते तर सुमारे एक किलोमीटरची चूक राहिली असती आणि ते लोक डोंगरभर फिरून परत गेले असते. चार आकड्यांत चूक अकरा मीटरची. तुझी कपार अकरा मीटरपेक्षा थोडीच मोठी आहे. ते आकडे फोनमध्ये घातले की नकाशावर ठिपका येतो. त्याला रेंज लागत नाही.

दुर्मिळ जातीचं ठिकाण पाटीवर द्यायचं नाही, असा नियम आहे. तो मला माहीत होता. बाकी एकशे पाच पाट्यांवर ठिकाण होतं आणि एकीवर नसतं तर ती अपुरी दिसली असती. एवढंच कारण.

अभिमन्यूने उद्घाटनाच्या दिवशी ती पाटी वाचली. हे आकडे कशाचे, असं त्याने विचारलं. मी त्याच्याच फोनमध्ये घालून दाखवले. ठिपका कपारीवर आला. त्याने फोन परत हातात घेतला. मग म्हणाला, "आईला हे सांगितलंस का?" मी म्हणाले, आकड्यांतून कोणाला काय कळणार. तो म्हणाला, "मला कळलं की आत्ता." मी हसले होते.

तुझं पत्र आल्यावर मी पाटी काढली. भोकं बुजवली. कळलावीच्या कंदाला औषधाच्या बाजारात मोठा भाव आहे; नोंदवहीत त्या परळीच्या व्यापाऱ्याचं नाव आणि फोन नंबर आहे.

अभिमन्यूला काही करू नका. त्याने काही केलेलं नाही.

मंजुषा


बीड, १५ ऑक्टोबर

आत्या,

शहादेवकाकांचं वाचून वाईट वाटलं. भिवराकाकूंना माझा निरोप सांग. दातांवर इलाज होण्यासारखा असेल तर इथल्या डॉक्टरांकडे मी घेऊन जाईन.

ठिकाण बाहेर कसं गेलं याबद्दल घाईने कोणताही निष्कर्ष काढू नये, असं मला वाटतं. अशा गोष्टींना अनेक कारणं असू शकतात. पोलिसांना तपास करू द्यावा.

वाफा सातमधले अकराही वेल चांगले आहेत.

मंजुषा


वस्ती, २७ ऑक्टोबर

मंजा,

तुझं पत्र मिळालं. तेराव्याच्या आदल्या दिवशी मी ते सिदूला वाचून दाखवलं. 'अनेक कारणं' म्हणालीस ते तेला पटलं न्हाई. तो म्हणला, "मंजाक्काला समदं ठाऊक हाय. नात्यात होऊ घातलता म्हणून नाव घेईना." मलाबी तसंच वाटलं.

तेवीस तारखेला तेरावं झालं. जेवणं उरकली आन् पारावर माणसं बसली. अर्जुनराव होते. त्यांची जमीन मोठी, शबूद मोठा. ते म्हणले, पोलीस काई करत न्हाईत, घरचं घरात बघा. अभिमन्याला बलिवलं. तो आला. पळायचं तर पळाला असता, पण आला.

सिदू म्हणला, "बोल बे, कितीला इकलास माझ्या बापाला?"

तो म्हणला, "म्या न्हाई."

सिदूनं तेला लिंबाला धरून लाथांनी हाणलं. पोटात, पाठीत. मग तेच्या भावांनी हाणलं. जात्यात डाळ भरडती तसा आवाज येत होता. तो खाली पडला तरी म्या न्हाई म्हणत होता. अर्जुनराव पान खात होते. कुणीतरी म्हणलं, टेप कुठल्या हातानं धरलता? ते मीच सांगितलं होतं, तुझ्या टेपचं. सिदू घरात गेला आन् अभिमन्याचाच नवा कोयता घेऊन आला. उजवा हात पाराच्या दगडावर धरला.

तवा मी उठले. मी म्हणलं, माझा हाय, मी करते. मी माझा औषध कुटायचा लोखंडी बत्ता आणला. मला वाटलं, कोयत्यानं हात जाईल, बत्त्यानं हाड मोडंल, हाड जुळतं. हे मला वाटलं हे खरं. पण मला रागबी होता, तेबी खरं. भाऊजींनी मला भैनीवानी सांभाळलंय.

मी एक हाणला.

तो वरडला न्हाई. तेनं माझ्याकडं बघितलं आन् म्हणला, "आई, मंजाच्या बागेत लिवलंय. पाटीवर. जाऊन बघ."

मंजा, मला असं वाटलं की तू नकार दिलास तेचा हा डाव धरून हाय. मरायच्या येळंला पोरीवर आळ घेतो. माझ्या भावाच्या लेकीवर. मी दुसरा हाणला. पहिला हातानं हाणला होता, दुसरा सगळ्या अंगानं हाणला. दगडावर तेची बोटं दिसंनाशी झाली.

मग सिदूनंच मला मागं वढलं.

तो आता घरात पडून हाय. हात टोपल्याएवढा सुजलाय. मी हळद बांधती, तो सोडून टाकतो. माझ्या हातचं पाणी घेत न्हाई. तेनं तेव्हापासून एक शबूद काढला न्हाई. वस्तीवर तेला कुणी बोलत न्हाई.

तू शिकलेली हायस. तू तेवढं लिव, की पाटीवर असं काई न्हाई. दोन वळी लिव. म्हंजी मला झोप लागंल.

आत्या


बीड, ४ नोव्हेंबर

आत्या,

पाटीवर लिहिलं होतं. अभिमन्यू खरं बोलला.

तू 'नाही' असं लिहायला सांगितलंस. ते मला लिहिता येत नाही.

१५ ऑक्टोबरला मी तुला दोन पत्रं लिहिली होती. एक टाकलं. दुसरं टाकलं नाही, ते सोबत जोडलं आहे. त्यात सगळं आहे. माझं पत्र तुझ्याकडे चार दिवसांत पोचतं. ते टाकलं असतं तर १९ तारखेला तुझ्या हातात असतं. तू बत्ता आणलास २३ तारखेला. मधले चार दिवस माझे आहेत, तुझे नाहीत.

ते का टाकलं नाही, हेही लिहिते. नोकरी जाईल हे मनात आलं. पण पहिलं कारण ते नव्हतं. मी चुकले हे मला कोणाच्याच हस्ताक्षरात वाचायचं नव्हतं, माझ्याही नाही. मला वाटलं, काही दिवसांत पोलीस व्यापाऱ्यापर्यंत पोचतील आणि मला काही बोलावं लागणार नाही. अभिमन्यूवर संशय आहे हे तू स्पष्ट लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं.

आज सकाळी मी आष्टीच्या पोलीस ठाण्यात जबाब दिला. नोंदवहीचं पान, पाटीचा फोटो आणि काढलेली पाटी जमा केली. जबाबात अभिमन्यूचं नाव आहे, एकच वाक्य: त्याने मला सावध केलं होतं. केंद्रप्रमुखांना लेखी कळवलं. त्यांनी चौकशी होईपर्यंत मला कामावर येऊ नका असं सांगितलं आहे.

दोन गोष्टी कर. त्याला हळदीवर ठेवू नकोस, हाडांच्या डॉक्टरकडे ने. बारा दिवस झाले आहेत. बोटं काळी पडली असतील तर आजच ने. आणि ही दोन्ही पत्रं पारावर सगळ्यांसमोर वाच. नुसतं सांगू नकोस, वाच. किंवा मी येते आणि मीच वाचते. सिदू, अर्जुनराव, सगळे असताना. जे त्याला केलं ते मला करायचं असेल तर मी थांबेन.

मंजुषा


वस्ती, २४ नोव्हेंबर

मंजा,

पत्र मिळालं त्याच दिवशी अभिमन्याला नगरला न्हेलं. बोटं काळी झालती. तीन काढली. अंगठा आन् करंगळी ऱ्हायली.

मग मी पारावर गेले. दोन्ही पत्रं वाचली. मला वाचाया येळ लागतो, पण कुणी उठलं न्हाई. अर्जुनराव म्हणले, "पोरगी हुशार हाय. पोराला वाचवाया लिवलं असंल." सिदू म्हणला, "न्हाई काका. तिनं तारखा घातल्यात." 

पोलिसांनी परळीतनं तिघांला धरलं. म्होरच्या माणसाच्या फोनात तुझ्या पाटीचा फोटो घावला. सिदू म्हणतो, तेंला कोर्टात आणतील तवा मी बघतो. भिवराबाईनं घरातलं सगळं लोखंड माझ्याकडं आणून ठेवलंय. पहार, कुऱ्हाड, इळा. तिला वाटतं माझ्याकडं सुखरूप ऱ्हाईल. 

दवाखान्यात मी अभिमन्याच्या पाया पडले. तेनं पाय वढून घेतलं न्हाईत. तेव्हापासून पहिल्यांदा बोलला. म्हणला, "आई, पहिला तू सिदूच्या कोयत्यापासनं वाचवाया मारलास, ते मला तवाच कळलं. दुसरा कावून मारलास?" तुला दोष द्यावा असं माझ्या तोंडात आलं. मी दिला न्हाई. दुसरा मीच मारला. तू लिवलं नव्हतं तरी तेनं सांगितलं होतं. माझ्या पोटच्या पोरानं सांगितलं आन् मी तुझ्यावर इश्वास ठेवला, कावून की तू शिकलेली.

तो परवा टोळीबरूबर कर्नाटकात गेला. कोयता धरता येत न्हाई, मुकादमानं मोळ्या वाहाया घेतलाय. माझ्याकडं न बघता टरकात चढला. सिदू तेचं गाठोडं घेऊन मागं मागं गेला, ते तेनं घेतलं न्हाई, तसंच रस्त्यात ऱ्हायलं.

तुझ्या बागेतली अकरा तिथंच ऱ्हाऊ दे. हितं आणून लावाया लागू नको. लावलीस तर राखणीला माणूस लागंल.

तू येते म्हणतीस. येऊ नकोस. शाप देत न्हाई, माझ्या भावाची लेक हायस. पण तू समोर आलीस आन् माझा हात उठला तर? उठणार न्हाई असं वाटतंय. अभिमन्याच्या येळंलाबी तसंच वाटलं होतं.

विमल